अमेरिकेत क्लिनिकल सोशल वर्करचं लायसन्स आणि सुपरव्हिजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्या-नागपुरात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून लग्नामुळे किंवा नोकरीमुळे अमेरिकेत आलेले, आणि तिथल्याच विद्यापीठातून नुकतेच एमएसडब्ल्यू झालेले, असे दोन्हीकडचे मराठी लोक हे प्रश्न विचारतात. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे इथे कॅलिफोर्निया मुख्य धरलं आहे. बाकीच्या राज्यांबद्दल शेवटी थोडंसं आहे. नियम दर एक-दोन वर्षांनी थोडेफार हलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी बोर्डाची साइट उघडून आकडे ताडून पाहाच.

एमएसडब्ल्यू झालंय. मग स्वतःच्या जबाबदारीवर थेरपी का करता येत नाही?

पदवी विद्यापीठ देतं, पण स्वतंत्रपणे काम करायची परवानगी राज्य देतं. कॅलिफोर्नियात हा कारभार सॅक्रामेंटोच्या बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेसकडे, म्हणजे बीबीएसकडे आहे. पदवीनंतर आधी तिथे असोसिएट क्लिनिकल सोशल वर्कर (एएसडब्ल्यू) म्हणून नाव नोंदवायचं, देखरेखीखाली, म्हणजे सुपरव्हिजनमध्ये, ठरलेले तास भरायचे, दोन परीक्षा द्यायच्या आणि मग एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर) हे लायसन्स मिळतं.

या मधल्या काळात तुम्ही मूल्यमापन, निदान, थेरपी हे सगळं करताच. फक्त प्रत्येक केसमागे तुमच्याबरोबर एका लायसन्सधारक माणसाची जबाबदारी असते. आपल्याला अजून लायसन्स नाही आणि आपण अमुक व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करतो, हे क्लायंटला काम सुरू करण्याआधी सांगणं बंधनकारक आहे. नवीन लोक हे वाक्य ओशाळून पुटपुटतात. सरळ, एका दमात सांगा. ते ऐकून क्लायंट उठून गेला असं फारसं होत नाही.

सुपरव्हिजन म्हणजे आपल्या कॉलेजातली आयसीच (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) ना?

बरीचशी, हो. टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) किंवा निर्मला निकेतनसारख्या समाजकार्याच्या संस्थेत दर आठवड्याला फील्डवर्कचं रेकॉर्डिंग लिहून फॅकल्टी सुपरव्हायजरसमोर बसलेल्याला ही पद्धत परकी वाटायला नको. मुंबईतलं समाजकार्याचं शिक्षण अमेरिकन वळणावरच सुरू झालं. टिसची १९३६ ची मूळ शाळा उभी राहिली तेव्हा तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी होते. वैयक्तिक कॉन्फरन्स, ग्रुप कॉन्फरन्स, प्रोसेस रेकॉर्डिंग हा सगळा सरंजाम तिकडचाच आहे.

मात्र आयसीत पणाला लागतात ते तुमचे मार्क. इथे एका खऱ्या माणसाचं बरंवाईट आणि सुपरव्हायजरचं लायसन्स पणाला लागतं. समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कादुशिन यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आणि या क्षेत्रातला प्रत्येक जण ती आजही मोजतो: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. प्रत्यक्ष एजन्सीत पहिलं काम उरलेल्या दोघांना गिळून टाकतं. तास सुरू होतो तो ‘किती नोट्स बाकी आहेत, या महिन्याचं प्रॉडक्टिव्हिटी टार्गेट कुठवर आलं’ यावर, आणि संपतोही त्यावरच. असं सलग दोन-तीन आठवडे झालं तर स्वतःहून बोला: ‘आज पहिली वीस मिनिटं मला एका केसवर हवी आहेत.’ हे उद्धटपणाचं नाही. तो तास कायद्याने तुमच्या शिक्षणासाठी राखलेला आहे.

३,००० तासांचा हिशेब नेमका कसा असतो?

एकूण ३,००० तास, किमान १०४ आठवड्यांत. एका आठवड्यात ४० पेक्षा जास्त तास धरले जात नाहीत. नुसती भागाकाराची आकडेमोड केली तर ७५ आठवड्यांत काम आटोपेल असं वाटतं, पण १०४ आठवड्यांची अट आहेच. त्यामुळे कितीही धावपळ केली तरी दोन वर्षं लागतात. सुट्ट्या, आजारपण, नोकरी बदलणं हे धरलं की बहुतेकांची अडीच-तीन वर्षं जातात.

त्या ३,००० पैकी किमान २,००० तास क्लिनिकल हवेत, म्हणजे मनोसामाजिक निदान, मूल्यमापन, उपचार. या २,००० मध्ये किमान ७५० तास समोरासमोर वैयक्तिक किंवा ग्रुप सायकोथेरपीचे हवेत. उरलेल्या जास्तीत जास्त १,००० तासांत क्लायंटसाठी केलेली पाठपुराव्याची कामं, सल्लामसलत, संशोधन, कार्यशाळा आणि खुद्द सुपरव्हिजनचे तास येतात.

आणखी एक चाळण आहे. किमान १,७०० तास एलसीएसडब्ल्यूच्याच देखरेखीखाली झालेले हवेत. बाकीचे १,३०० मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा फॅमिली थेरपिस्टच्या हाताखाली झाले तरी चालतात.

एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांतलं फील्डवर्क या हिशेबात धरत नाहीत. भारतातला नोकरीचा अनुभवही नाही. तास पदवीनंतरचे आणि नोंदणीनंतरचे लागतात. एक अपवाद पुढच्याच प्रश्नात आहे.

नोंदणी व्हायला महिने लागतात. तोवरचे तास वाया जातात का?

पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत एएसडब्ल्यूचा अर्ज केला तर पदवीच्या तारखेपासूनचे तास धरता येतात. अट अशी की कामाच्या ठिकाणी रुजू होताना लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे, झालेले असले पाहिजेत आणि त्याचा कागद तुमच्याकडे हवा. खासगी प्रॅक्टिसमध्ये मात्र नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत काम करता येत नाही. पदवीदान समारंभाचे फोटो नंतरही पाठवता येतील, अर्ज आधी पाठवा.

केस मॅनेजमेंटची नोकरी मिळाली आहे. घ्यावी का?

या पानावरचा हा सगळ्यात महागात पडू शकणारा प्रश्न आहे, म्हणून जरा विस्ताराने.

हॉस्पिटलमधलं डिस्चार्ज प्लॅनिंग, डायलिसिस सेंटर, बेघरांसाठी घरं शोधून देणारे प्रकल्प, वृद्धांसाठीच्या सेवा या नोकऱ्या चांगल्या असतात, कधीकधी पगारही बरा असतो, आणि समाजकार्य म्हणून त्यांत काही उणं नाही. पण तिथे दिवसभर फोन, विमा कंपन्या, नर्सिंग होममधल्या रिकाम्या खाटा आणि नातेवाइकांच्या बैठका चालतात. सायकोथेरपी म्हणता येईल असं काम आठवड्यात तासभरही होत नाही. ७५० तासांना १०४ आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला सात तासांच्या थोडंसं वर येतं. तेवढी थेरपी जिथे होत नाही, तिथे तीन वर्षं राबूनही थेरपीचा रकाना अर्धा रिकामा राहतो, आणि तो भरेपर्यंत जुन्या तासांची सहा वर्षांची मुदत संपत येऊ शकते.

म्हणजे नोकरी नाकारा असं नाही. घर चालवायचं असतं, व्हिसाचा प्रश्न असतो. पण ऑफर स्वीकारण्याआधी तीन गोष्टी विचारा. आठवड्याला प्रत्यक्ष थेरपीचे किती तास मिळतील? सुपरव्हायजर एलसीएसडब्ल्यू आहे का? तुमच्याकडच्या आधीच्या एएसडब्ल्यूंना लायसन्स मिळायला किती काळ लागला? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला की काय समजायचं ते समजून घ्या. थेरपी कमी असेल तर ग्रुप चालवायला मिळेल का, हे विचारा. डायलिसिस किंवा कॅन्सरच्या रुग्णांचा उपचारात्मक ग्रुप आठवड्याला दोन तास घेतला तरी रकाना हळूहळू भरतो. नाहीतर शनिवारी एखाद्या ना-नफा कौन्सेलिंग सेंटरमध्ये दुसरी जागा धरता येते. फक्त तिथली सुपरव्हिजन वेगळी घ्यावी लागते.

आठवड्याला सुपरव्हिजन किती लागते? ग्रुपमध्ये चालते का? व्हिडिओवर?

ज्या आठवड्याचे तास धरायचे त्या आठवड्यात, प्रत्येक कामाच्या जागेसाठी, किमान एक तास वैयक्तिक किंवा दोन तास ग्रुप. एखाद्या आठवड्यात थेट क्लिनिकल काम दहा तासांच्या वर गेलं तर आणखी एक तास वैयक्तिक किंवा दोन तास ग्रुप लागतं. एका सुपरव्हायजरसमोर दोन असोसिएट बसतात त्याला ट्रायडिक म्हणतात आणि ते वैयक्तिकमध्ये धरलं जातं. ग्रुपमध्ये आठपेक्षा जास्त असोसिएट नकोत. एकूण १०४ आठवड्यांपैकी ५२ आठवडे वैयक्तिक सुपरव्हिजन झालेली असली पाहिजे आणि त्यातले किमान १३ आठवडे एलसीएसडब्ल्यूबरोबरचे हवेत.

सुपरव्हायजर आठवडाभर सुट्टीवर गेली आणि बदली कोणी बसलं नाही, तर तुम्ही चाळीस तास काम केलेलं असूनही तो आठवडा शून्य. नाताळाच्या आसपास हे हमखास घडतं. नोव्हेंबरमध्येच विचारून ठेवा.

व्हिडिओवरच्या सुपरव्हिजनला २०२२ च्या कायद्याने सर्व प्रकारच्या ठिकाणी वाट मोकळी करून दिली. ती आपल्याला योग्य आहे की नाही, याचा निर्णय सुरुवातीच्या ६० दिवसांत सुपरव्हायजरने घेऊन लिहून ठेवायचा असतो. नुसत्या फोनवरची सुपरव्हिजन चालत नाही.

सुपरव्हायजर कोण होऊ शकतं?

गेल्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षं लायसन्स असलेली आणि तेवढा काळ प्रत्यक्ष थेरपी किंवा क्लिनिकल सुपरव्हिजन केलेली व्यक्ती. तिने सुपरव्हिजनचं १५ तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. बीबीएसच्या साइटवर नाव टाकून तिचं लायसन्स चालू आहे का आणि त्यावर काही शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. संकोच न करता पाहा. तीही तुमचा नोंदणी क्रमांक पाहणारच आहे.

काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत दोघांच्या सह्यांचा सुपरव्हिजन करार व्हावा लागतो. सुपरव्हायजर तुमच्या एजन्सीची कर्मचारी नसेल, म्हणजे बाहेरून कोणी येत असेल, तर एजन्सी आणि ती यांच्यात आणखी एक लेखी करार लागतो. पैसे एजन्सी देणार की तुम्ही, हेही तेव्हाच ठरवा. एजन्सीतली सुपरव्हिजन सहसा फुकट असते, बाहेरची खिशाला चांगलीच जाणवते.

माझी सख्खी वहिनी एलसीएसडब्ल्यू आहे. ती चालेल का?

नाही. नवरा-बायको, नातेवाईक, पूर्वीचा थेरपिस्ट यांपैकी कोणीही नाही. वहिनीकडून परीक्षेची पुस्तकं मागून घ्या.

सुपरव्हिजनला जाताना काय घेऊन जायचं? काही चुकलेलं सांगितलं तर नोकरीवर येणार नाही ना?

आपल्याकडून आलेल्या लोकांचं घोडं इथेच अडतं, आणि त्याला कारण आपली घडण आहे. सरांपुढे, मॅडमपुढे जाताना उत्तर पाठ करून जायचं. त्यांचा वेळ वाया घालवायचा नाही. त्यांनी ‘छान’ म्हटलं की सुटलो. या सवयीने शाळा-कॉलेज उत्तम निभावतं. सुपरव्हिजनमध्ये तीच सवय नुकसान करते. असोसिएट आठवड्यातली सगळ्यात नीट झालेली केस घेऊन जाते, सुपरव्हायजर कौतुक करते, तास संपतो. आणि जी क्लायंट तीन वेळा आली नाही, जिच्यासमोर काय बोलावं ते सुचलं नाही, जिचा राग आला, ती फाइलमध्येच राहते.

उलट करून पाहा. जिथे अडलं तिथलाच तुकडा न्या. समजा, एक बाई प्रत्येक सेशनच्या शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी मोठं सांगते आणि तुम्ही दर वेळी वेळ वाढवून देता. ‘क्लायंटची प्रगती चांगली आहे’ असं सांगितलंत तर यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. ‘ती दारापाशी पोचल्यावर बोलते, मी थांबते, आणि पुढच्या क्लायंटला उशीर होतो, मला तिला थांबवता येत नाही’ असं सांगितलंत की तासभर पुरेल एवढा ऐवज मिळतो: तिचं टाळणं, तुमचं नाही म्हणता न येणं, सेशनची चौकट, आणि पुढच्या वेळी म्हणायचं नेमकं वाक्य.

काय झालं यापेक्षा काय बोललं गेलं ते लिहून न्या. दहा मिनिटांचा संवाद जसाच्या तसा, तिचं वाक्य, तुमचं वाक्य, आणि बाजूला त्या क्षणी मनात काय आलं. आयसीच्या दिवसांतलं प्रोसेस रेकॉर्डिंग इथे बाहेर काढा. नोट्सच्या दबावाखाली अमेरिकेतही ही पद्धत मागे पडली आहे, म्हणून ती येणाऱ्याचा उपयोगच होतो. क्लायंटची लेखी संमती असेल तर ऑडिओ त्याहून बरा.

नोकरीबद्दल: नवीन माणसाला अडतं म्हणून सहसा कोणी काढत नाही. लपवलेलं नंतर बाहेर आलं तर मात्र प्रश्न गंभीर होतो, कारण तोवर सुपरव्हायजरने अर्धवट माहितीवर सही केलेली असते. हेही खरं की सगळे सुपरव्हायजर प्रामाणिकपणा पेलू शकत नाहीत. तुमची लाइन मॅनेजर आणि क्लिनिकल सुपरव्हायजर एकच व्यक्ती असेल तर थोडं जपून बोलणं स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी ग्रुप सुपरव्हिजन दुसऱ्या कोणाकडे मिळाली तर घ्या.

आणि हो, त्यांना नावाने हाक मारा. ‘मॅम’ म्हणत राहिलात तर अमेरिकन माणसाला उगीच अवघडल्यासारखं होतं.

सुपरव्हायजर माझ्या स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारते. सांगावं का?

केसशी जोडलेलं तेवढं. क्लायंट सासूबद्दल बोलू लागली की तुम्ही विषय बदलता, हे सुपरव्हायजरने दाखवून दिलं तर ते तिचं कामच आहे. तुमच्या सासूचा इतिहास खोदणं हे तिचं काम नाही. तिथे ‘यासाठी मी माझ्या थेरपिस्टशी बोलते’ हे वाक्य पुरेसं आहे, आणि थेरपिस्ट खरोखर असेल तर उत्तमच.

क्लायंट मराठी निघाला, किंवा मंडळातल्या ओळखीचा निघाला, तर?

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास हे होणारच. मराठी किंवा हिंदी बोलणारी थेरपिस्ट सहसा सापडत नाही, म्हणून लोक तुमच्यापर्यंत पोचतात, आणि महिन्याभराने गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहतात. पहिल्याच सेशनमध्ये विचारून ठेवा: ‘आपण बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर बोलेन. चालेल ना?’ जिच्याबरोबर तुम्ही ढोल पथकात आहात किंवा जिच्या मुलांबरोबर तुमची मुलं मराठी शाळेत बसतात, तिची केस घेऊ नका. हा निर्णय एकटीने घेण्यापेक्षा सुपरव्हिजनमध्ये मांडा आणि तिथे तो नोंदवला गेला आहे हे पाहा.

दुसरी अडचण भाषेची. सेशन मराठीत होतं आणि सुपरव्हायजरला मराठीचा गंध नाही. ‘माझ्या जिवाला घोर लागलाय’ किंवा ‘घरात माझं कोणी ऐकतच नाही’ याचं गुळगुळीत इंग्रजी करून दिलंत की त्यातली धग जाते. मूळ वाक्य मराठीतच म्हणून दाखवा, मग अर्थ, मग कोणत्या सुरात म्हटलं ते. विशेषतः मरणाची भाषा. ‘आता देवानं न्यावं’ हे साठीच्या बाईचं रोजचं उसासणं असू शकतं आणि खरीखुरी इच्छाही असू शकते. ‘आमच्याकडे असं बोलतातच’ म्हणून सुपरव्हायजरला निश्चिंत करू नका. क्लायंटला थेट विचारा, आणि काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, ते नोंदवा.

क्लायंट कोणाला इजा करण्याचं बोलला, किंवा मुलाला मारहाण होते असं कळलं, तर सुपरव्हायजरची वाट पाहायची का?

तिला लगेच फोन करायचा, पण कायद्याची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. बालकावरच्या अत्याचाराचा वाजवी संशय आला की कॅलिफोर्नियात तातडीने फोनवर आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. ही जबाबदारी तुमची व्यक्तिशः आहे. ‘मी सुपरव्हायजरला सांगितलं होतं’ हे उत्तर चालत नाही, आणि अहवाल देऊ नकोस असं सांगण्याचा अधिकार तिलाही नाही.

इजेच्या धमकीबद्दलचा कायदा ज्या खटल्यातून आला त्याचा आपल्या लोकांशीही संबंध आहे. १९६९ मध्ये बर्कलीत तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून झाला. खून करणारा भारतातून शिकायला आलेला विद्यार्थी होता आणि त्याने आपला इरादा विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाला आधी सांगितला होता. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला पकडून थोड्या वेळात सोडलं, आणि मग मानसशास्त्रज्ञाच्या वरिष्ठांनी पुढची कारवाई नको असं सांगून नोंदी नष्ट करायला सांगितलं. तातियानाला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केलं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करण्याची वाजवी काळजी थेरपिस्टने घेतली पाहिजे. आजच्या कायद्यात ओळखता येईल अशा व्यक्तीला गंभीर धमकी असेल तर त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवण्याचा रस्ता दिलेला आहे. वर्गात हा खटला गोपनीयतेच्या धड्यात शिकवतात. मला तो सुपरव्हिजनच्या धड्यात जास्त शोभतो, कारण इथे हाताखालच्या माणसाने धोका ओळखला होता आणि वरच्याने तो विषय बंद केला.

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात एवढं लिहून घ्या: रात्री आठ वाजता असं काही घडलं तर कोणाला फोन करायचा, ती उचलत नसेल तर दुसरं कोण.

सुपरव्हायजर नोकरी सोडून गेली, किंवा सही करत नाही. काय करू?

दर आठवड्याचा लॉग त्याच आठवड्यात भरा आणि सही घ्या. बीबीएसला शेवटी जो अनुभव पडताळणीचा फॉर्म लागतो, तो सुपरव्हायजर किंवा तुम्ही, कोणीही जागा बदलत असताना शेवटच्या दिवसाआधी सही करून स्वतःच्या ताब्यात घ्या. ‘अर्ज करशील तेव्हा पाठव, मी करून देईन’ हे मनापासून म्हटलेलं असतं. पण दोन वर्षांत माणसं दुसऱ्या राज्यात जातात, निवृत्त होतात, वारतात.

रागावून सही अडवणं नियमात बसत नाही. यापुढचे तास मान्य करणार नाही असं वाटत असेल तर सुपरव्हायजरने किमान एक आठवडा आधी लेखी कळवावं लागतं. तशी सूचना नसताना, नीट सुपरव्हिजन घेऊन प्रामाणिकपणे केलेल्या तासांवर सही करणं तिच्यावर बंधनकारक आहे. आधी शांतपणे ईमेल लिहा. त्याने भागलं नाही तर बोर्डाला कळवा.

१०९९ वर, म्हणजे कंत्राटी पद्धतीने काम केलं तर?

तास धरत नाहीत. डब्ल्यू-२ वरचा, म्हणजे पगारी, कर्मचारी किंवा स्वयंसेवक, दोनच प्रकार मान्य आहेत. ‘सध्या १०९९ वर ये, नंतर बघू’ म्हणणाऱ्या क्लिनिकला नम्रपणे नकार द्या. क्लायंटकडून परस्पर फी घेणं किंवा जिथे काम करता त्या व्यवसायात भागीदारी असणं हेही असोसिएटला चालत नाही.

व्हिसाचं काय? एच-४ वर (नोकरदार जोडीदारामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) असताना स्वयंसेवक म्हणून तास भरता येतील का?

बोर्ड स्वयंसेवेचे तास मानतं, पण इमिग्रेशन खातं वेगळं आहे आणि त्याचे नियमही वेगळे. ज्या जागेसाठी एरवी पगार मिळतो ते काम फुकट करणं, हे कामाच्या परवान्याशिवाय केलेलं काम ठरू शकतं. इथे वकिलाची फी वाचवू नका. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर एच-४ वर काम करण्याचा परवाना मागता येतो. ही सोय २०१५ पासून आहे.

अमेरिकेत एमएसडब्ल्यू केलेल्यांची अडचण वेगळी. पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांची असते, आणि समाजकार्य स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत) नसल्यामुळे इंजिनिअर मित्रांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ आपल्याला मिळत नाही. १०४ आठवडे मात्र हवेतच. म्हणून नोकरी शोधतानाच विद्यापीठं आणि विद्यापीठांशी संलग्न ना-नफा रुग्णालयं यांच्याकडे आधी पाहा, कारण त्यांच्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांना लॉटरीची मर्यादा लागू नसते.

भारतातली एमएसडब्ल्यू पदवी चालते का?

थेट नाही. अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी संस्था, कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करते. अभ्यासक्रम, फील्डवर्कचे तास, मार्कशीट असं सगळं द्यावं लागतं. आपल्या विद्यापीठांतून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मिळवणं ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. निघण्याआधी भारतातच उरकून घ्या. नाहीतर दादरला किंवा पुण्यात राहणाऱ्या कोणा चुलतभावाला विद्यापीठाच्या खिडकीसमोर रांगेत उभं करावं लागतं.

बाळंतपणामुळे वर्षभर खंड पडला. तास जातात का?

खंड पडला म्हणून लगेच जात नाहीत. अर्जाच्या तारखेच्या मागच्या सहा वर्षांतले तास धरले जातात. त्याहून जुने गळतात. एएसडब्ल्यूची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करून एकूण सहा वर्षं टिकते. त्यानंतर नवा क्रमांक मिळू शकतो, पण त्यावर खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करता येत नाही. दरवर्षीच्या नूतनीकरणासाठी कायदा आणि नीतिशास्त्राचं तीन तासांचं प्रशिक्षणही लागतं.

परीक्षा कधी द्यायच्या?

कायदा आणि नीतिशास्त्राची राज्याची परीक्षा पहिल्याच वर्षात द्या. पास होईपर्यंत प्रत्येक नूतनीकरणापूर्वी ती द्यावी लागते. एएसडब्ल्यूबी या राज्यांच्या सोशल वर्क बोर्डांच्या संघटनेची राष्ट्रीय क्लिनिकल परीक्षा तास मंजूर झाल्यानंतरची. २०२२ मध्ये या संस्थेने गटवार निकाल पहिल्यांदा उघड केले. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्या परीक्षार्थींमध्ये सुमारे ८४ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे ४५ टक्के होतं. परीक्षा नेमकं काय मोजते, यावर तेव्हापासून मोठा वाद चालू आहे. वाद योग्यच आहे. तरीही सध्या तीच द्यायची आहे, आणि सुपरव्हायजरबरोबर ‘आधी काय करशील’ छापाचे प्रश्न दर आठवड्याला एकदोन सोडवण्याचा फायदा होतो.

न्यूयॉर्क किंवा टेक्सासमध्ये असेच नियम आहेत का?

सांगाडा तोच, माप वेगळं. न्यूयॉर्कमध्ये एमएसडब्ल्यूनंतर आधी एलएमएसडब्ल्यू (लायसन्स्ड मास्टर सोशल वर्कर) हे लायसन्स मिळतं, मग किमान तीन वर्षांत क्लायंटबरोबरचे २,००० तास. टेक्सासमध्ये किमान २४ महिन्यांत ३,००० तास आणि त्यात १०० तास सुपरव्हिजन, आणि सुपरव्हायजर बोर्डाने मान्य केलेलीच हवी. मधेच राज्य बदलायची शक्यता असेल तर नव्या राज्याचे फॉर्म आधी डाउनलोड करून जुन्या सुपरव्हायजरकडून त्यांवरही सही घेऊन ठेवा. अनेक राज्यांत चालेल अशा सामायिक लायसन्ससाठीचा करार २०२४ मध्ये सात राज्यांच्या मंजुरीने अमलात आला, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्याच्या सुरुवातीच्या सदस्यांत नव्हते.

भारतात परतलो तर या लायसन्सचा उपयोग काय?

कायद्याने फारसा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या एमएसडब्ल्यूनंतरच्या दोन वर्षं पूर्णवेळ एमफिलवर बेतलेली आहे, आणि त्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण धरलेलं आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत काम करायचं असेल तर हे आधी पाहा. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्याच्या यादीत क्लिनिकल, वैद्यकीय आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर आले आहेत. खासगी रुग्णालयं आणि संस्था मात्र अनुभव पाहतात, आणि दर आठवड्याला नियमित सुपरव्हिजन देऊ शकणारी माणसं त्यांना हवीच असतात.